नवल : शून्य

कुकरची शिटी झाली तेव्हा समिधा गॅसकडे पाठ करून उभी होती आणि मिहिकाच्या पाठीकडे बघत होती.

मिहिका फरशीवर बसून वाटीत वाटी घालत होती. शिटी अशी कर्कश झाली, की खिडकीच्या गजावरचा कावळा उडून गेला. मिहिकाचा खांदासुद्धा हलला नाही. तिनं लहान वाटी मोठीत घातली, काढली, परत घातली. समिधा एक पाऊल पुढे आली, तिची सावली वाट्यांवर पडली, आणि मिहिकानं लगेच वर बघून तोंडभर हसून दाखवलं.

सावलीला वळते. दार आपटलं की फरशी हादरते, तेव्हा वळते. हाकेला नाही.

हे आजच कळलं असं नव्हतं. गेले कित्येक आठवडे समिधा स्वतःच्याच लेकीवर चोरासारखी पाळत ठेवून होती. पाठीमागून ताटावर चमचा वाजवायची, आणि पोर वळली नाही की स्वतःचीच समजूत काढायची, खेळात गुंग आहे. एकदा मिहिका वळली होती. समिधानं तिला उचलून इतके पापे घेतले की ती रडायला लागली. मग लक्षात आलं, पंख्याच्या वाऱ्यानं पडदा हलला होता.

आणि हे ज्याला सांगायचं, तो समुद्राच्या तळाशी होता.

हर्षल गावंडे, उपकरण अभियंता, मूळचा अकोल्याचा. सह्याद्रीचा काळा दगड कोकणच्या किनाऱ्याशी संपत नाही. तो पाण्याखाली आतवर गेलेला आहे. कारखान्यांतून निघणारा कार्बन वायू पाण्यात विरघळवून त्या दगडाच्या भेगांत सोडला, की काही वर्षांत त्याचाही दगडच होतो आणि तो पुन्हा हवेत येत नाही. हे खूप आधीपासून माहीत होतं. करायला मात्र जगाला बराच घाम फुटावा लागला. आता कंपनीची ठाणी समुद्राच्या तळावर होती. तिथल्या माणसांना आजूबाजूच्या पाण्याच्या दाबाइतक्याच दाबाच्या हवेत राहावं लागे. दाबाखाली रक्तात वायू मुरतो, तो हळूहळू निघू द्यावा लागतो, म्हणून वर येणं ही काही जिना चढून येण्यासारखी गोष्ट नव्हती. एकदा खाली गेलं की एक सबंध पाळी संपवूनच वर यायचं. हर्षलची पाळी दिवाळीला संपणार होती. तो गेला तेव्हा मिहिका नुकती धरून धरून चालायला लागली होती.

त्या हवेत हेलियम मिसळलेला असे, आणि हेलियममध्ये माणसाचा आवाज बदकासारखा होतो. सुरुवातीला, तार शाबूत होती तेव्हा, कंपनीनं एकदा घरच्यांशी बोलणं करून दिलं होतं. सभागृहात सगळ्या बायका जमल्या होत्या आणि एकेकीचा नवरा क्वॅक् क्वॅक् करत होता. हसून हसून पुरेवाट. "आम्ही इथे एकमेकांशी तोंडानं बोलतच नाही गं," हर्षल त्या आवाजात म्हणाला होता. "कोणाला काही कळत नाही." समिधाही हसली होती. घरी येऊन मिहिकाला झोपवल्यावर मात्र तिला रडू आलं, कारण नवऱ्याचा खरा आवाज आठवून बघितला तर तो चटकन आठवेना.

मग मासेमारीच्या जाळ्यांनी तार दोनदा तोडली, आणि तिसऱ्यांदा ती टाकायचा खर्च कोणी केला नाही. रेडिओ पाण्यातून जात नाही. जातो तो आवाज. किनाऱ्यावरून टकटक असा आवाज सोडायचा, खाली तो ऐकून त्याची अक्षरं करायची. पण समुद्रात फार गोंगाट केला तर देवमासे वाट चुकतात, म्हणून आता त्यावरही कायदा आला होता. घरटी रोज जेमतेम एखाद्या परिच्छेदाइतका आवाज वाट्याला येई.

त्यातून मार्ग निघाला तो 'पूरक' नावाच्या यंत्राचा. किनाऱ्यावरच्या कंपनीच्या कॉलनीतल्या बायका त्याला अंदाज्या म्हणत.

प्रत्येक घराची एक साधी ब्लॉगसाइट होती. पोळ्या आधीच भाजून डब्यात भरून ठेवाव्यात तशी तिची पानं आधीच तयार होऊन पडलेली. वाचणाऱ्यानं डबा उघडायचा आणि खायचं. एक डबा घरी, एक तळाशी. आणि दोन्हीकडे एकच अंदाज्या, त्या घराची आधीची सगळी पानं वाचून तयार झालेला. समिधानं 'आज सकाळी मिहू' एवढं लिहिलं, की पुढे काय येणार याचा अंदाज दोन्हीकडचे अंदाज्ये सारखाच करत. अंदाज बरोबर आला तर खाली काही पाठवायचंच नाही. तिकडे ते शब्द आपोआप उमटत. चुकला, तेवढाच भाग आवाजातून जाई. पूर्वी पत्रात 'इकडील सर्व क्षेम' लिहीत आणि वाचणाऱ्याची नजर ते ओलांडून थेट पुढच्या ओळीवर जाई, त्यातलीच गत. जे आधीच ठाऊक आहे ते सांगण्यात माहिती नसते. माहिती असते नवलात.

त्या साइटचं शीर्षक होतं 'मिहूचं घर'.

---

त्या दुपारी समिधानं पान लिहिलं. चार वेळा खोडलं. शेवटी राहिलं ते असं : 'मिहू अजून म्हणावं तसं बोलत नाही. कधीकधी हाकेला लक्ष देत नाही. तशी मजेत आहे. दाखवून आणावं का, असं वाटतं. बाकी सगळं ठीक.'

दोन दिवसांनी हर्षलचं, म्हणजे साइटवरच्या 'बाबां'चं, पान आलं. 'समिधा, तू उगाच घाबरतेस. मुलं आपापल्या वेळेनं बोलतात. घाई करू नको, मी आल्यावर दोघं मिळून जाऊ. तू जेवतेस ना वेळेवर? झोप पुरी करत जा.'

तिनं ते दोनदा वाचलं आणि तिला खरंच बरं वाटलं. गेल्या काही महिन्यांत हर्षल फार गोड लिहायला लागला होता. वर असताना 'जेवलीस का' हा प्रश्न त्यानं लग्नाच्या आल्बमसाठी फोटो काढतानाच काय तो विचारला असेल. पाण्याखाली माणूस मऊ होतो, असं ती मनात म्हणायची, आणि थोडीशी लाजायचीही. त्या पानांची तिला सवय लागली होती. मिहिकाचं नाक पुसतानाही तिच्या मनात ते एक वाक्य असे : घाई करू नको.

मग एक दिवस बाबांचं एक वेगळंच पान आलं.

'मिहू बाबा म्हणाली ते पान सगळ्यांना दाखवलं. मोहित्यानं डब्यातल्या दुधाची बासुंदी केली. साल्यानं साखर समजून मीठ टाकलं. तरी सगळ्यांनी खाल्ली. तिला सांग, बाबा खारट बासुंदी खाऊन नाचला.'

हे हर्षलचं होतं. हा 'साल्यानं', ही मीठ घातलेली बासुंदी, हे लांबलचक प्रेम न करता एकदम नाचणं. इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच तो या पानात होता, आणि त्याच्या शेजारी ठेवल्यावर आधीची सगळी गोड पानं कोणाची होती, हा प्रश्न उभा राहिला.

पण त्याहून आधीचा प्रश्न दुसराच होता. मिहू 'बाबा' म्हणाली, असं तिनं कधी लिहिलंच नव्हतं.

---

"बोला ताई," संपर्क कक्षातला पिंटो फोनवर म्हणाला. हा वसईचा, तोंडात कायम काहीतरी चघळत असलेला इंजिनियर कॉलनीच्या सगळ्या साइटी सांभाळायचा.

"पिंटो, मी न लिहिलेलं वाक्य तिकडे कसं दिसतं?"

"नाही दिसणार. थांबा हं, बघतो." चघळणं थांबलं. "ताई, तुमचं नवल पाचावर आहे."

"म्हणजे?"

"सेटिंग्जमध्ये बघा ना. अख्ख्या साइटची जी फाइल आहे, त्यात शेवटची ओळ. शून्य असेल तर अंदाज्या एक अक्षर चुकला तरी ते खाली पाठवतो. पाच म्हणजे, अंदाज साधारण जवळ आला की चालवून घे. तुम्हीच वाढवलंय. मागच्या वर्षी, वाढदिवसाचा फोटो पाठवायचा होता तेव्हा."

समिधाला आठवलं. मिहिकाचा पहिला वाढदिवस होऊन गेला होता, तार नुकतीच कायमची तुटली होती, आणि तिच्या डोक्यावरच्या कागदी मुकुटाचा फोटो काही केल्या जात नव्हता. पडद्यावर सूचना आली होती : मजकुराची जागा वाचवण्यासाठी नवल वाढवा. तिनं वाढवलं. फोटो गेला. पुन्हा ती फाइल कोण उघडतंय!

"पण 'साधारण जवळ' कसं? मी लिहिलं होतं बोलत नाही म्हणून."

"काय लिहिलं होतं, वाचून दाखवा."

तिनं वाचून दाखवलं. म्हणावं तसं बोलत नाही. तशी मजेत. बाकी सगळं ठीक.

"ताई, राग मानू नका. तुमची पहिली पन्नासेक पानं आहेत ना, ती सगळी आनंदीआनंद आहेत. मिहूनं हे केलं, मिहूनं ते केलं, काळजी करू नको. त्यावर तो शिकलाय. दोन वर्षांचं मूल, सुखी घर. पुढं काय येणार? बोबडं बोलणं येणार. तुमच्या 'म्हणावं तसं नाही'मध्ये नवल इतकं कमी आहे, की त्यानं ते गिळलं आणि त्याच्या हिशेबानं जे यायला हवं होतं ते तिकडं उमटवलं."

"आणि इकडे येतं ते?"

"साइट एकच आहे ना. सेटिंग दोन्ही बाजूंना."

"म्हणजे 'घाई करू नको' हे त्यानं लिहिलं नव्हतं?"

"त्यांनी काहीतरी लिहिलं असेल. ते अंदाजाच्या जवळ होतं, एवढंच मला दिसतं." मग सांत्वन करावं म्हणून तो म्हणाला, "सगळीकडं असंच आहे हो. एका वहिनींचं तर नवल सातावर आहे. मी म्हटलं कमी करा, तर म्हणाल्या, नको बाबा, नवरा आत्ता कुठे छान लिहायला लागलाय."

समिधानं फोन ठेवला. पहिली पन्नास पानं. ती तिनंच लिहिली होती. अकोल्याहून सासूबाईंनी बजावलं होतं, आणि तिच्या स्वतःच्या आईनंही तेच केलं होतं. लांबच्या माणसाला काळजी द्यायची नाही. ताप आला तर उतरल्यावर कळवायचं. पडलं-झडलं तर जखम भरल्यावर. मिहिका आठ महिन्यांची असताना तिला जो ताप आला होता, जो डोक्यात गेला होता, आणि तिच्या उशाशी समिधा इस्पितळात देव पाण्यात घालून बसली होती, त्याबद्दलही हर्षलला तेव्हाच्या परदेश-प्रशिक्षणात तिनं 'जरा अंग गरम होतं, आता ठीक' एवढंच कळवलं होतं.

अंदाज्या काही खोटं शिकला नव्हता. या घरात जसं लिहितात, तसं तो लिहीत होता.

आणि 'घाई करू नको' हे कुठून आलं असेल, हेही तिला आता दिसत होतं. तिला जे ऐकायचं होतं ते तिच्याच पानांच्या मध्येमध्ये सांडलेलं होतं. अंदाज्यानं ते गोळा करून नवऱ्याच्या नावानं तिला परत दिलं होतं. इतके महिने तिला धीर देणारं घरात तिच्याशिवाय दुसरं कोणीच नव्हतं.

---

दुसऱ्या दिवशी सकाळची बस धरून ती मिहिकाला जिल्ह्याच्या इस्पितळात घेऊन गेली. कोणाला विचारलं नाही. विचारायला होतं कोण?

औषध देऊन मिहिकाला झोपवलं, कपाळाला आणि कानामागे तारा चिकटवल्या. पडद्यावर एक रेघ सरकायला लागली. डॉक्टर बाई वयस्कर होत्या, मालवणी हेल काढून बोलायच्या. त्या कानात आवाज सोडत होत्या आणि मेंदूनं तो घेतला की रेघेवर उंचवटा यायला हवा होता. त्या आवाज वाढवत गेल्या. रेघ शांत समुद्रासारखी सपाट. समिधा त्या रेघेकडे इतकी टक लावून बघत होती, की तिला मधूनच उंचवटा आल्याचे भास व्हायला लागले.

"बाय माझे, लहानपणी मोठो ताप इललो काय गो हिका?"

"आठव्या महिन्यात. डोक्यात गेला होता."

बाईंनी मान हलवली. मग त्या सरळ मराठीत बोलल्या, कारण पुढचं समजायलाच हवं होतं. असा ताप कानाच्या आतल्या शंखाला सूज आणतो. सूज जाते, पण मग तो शंख हळूहळू हाडानं भरत जातो. पोकळी आहे तोवर आत तार बसवता येते, यंत्रानं ऐकवता येतं. पोकळी बुजली की संपलं. "उजवा जवळजवळ गेलाय. डाव्यात अजून जागा आहे. महिनाभरात करायला हवं. याच्या आधी का नाही आणलंत?"

समिधाच्या ओठावर 'तिचे बाबा म्हणाले' आलं होतं. तिनं ते गिळलं.

बसमध्ये मिहिका गुंगीत तिच्या मांडीवर होती. कंडक्टर ओरडत होता, मागची कोंबडी ओरडत होती, घाटात ड्रायव्हर हॉर्नवरचा हात काढत नव्हता, आणि या सगळ्यातून ते पोर बर्फासारखं शांत झोपलं होतं. समिधानं पहिल्यांदाच स्वतःचे कान तळहातांनी दाबून धरले. तरी आतून काहीतरी गुणगुणतच राहिलं. तिला पुरतं ऐकू येणं बंद करता येईना.

घरी आल्याबरोबर सासूबाईंचा फोन.

"काय व, बोल्ली का पोट्टी?"

"आई, तिला ऐकू येत नाही. आज तपासलं."

पलीकडे टीव्ही लागलेला होता. मग तो बंद झाला. "माय माय माय," त्या म्हणाल्या. "लेकरू किती गोड हासते व ते." नाक ओढल्याचा आवाज. "समिधा, एक आयक. हर्षलले सांगू नोको."

"आई..."

"तो पान्याखाली हाये बाई! वरून डोंगराएवढं पानी. तिथं त्याच्या जिवाले काही झालं त? येऊ दे दिवाईले. तोंडापुढं बसून सांगजो. मी येतो तुह्यापाशी, ऑपरेसनले थांबतो. पन त्याले नोको."

"तिकडे त्याला वाटतंय ती बोलते. बाबा म्हणाली म्हणून नाचला तो."

"मंग नाचू दे न व! काहून हिसकतं त्याच्या हातातून?"

सासूबाई चूक बोलत नव्हत्या. 

---

तिनं पिंटोला परत फोन केला. "मला फक्त आजच्या पानापुरतं नवल शून्य करायचंय. खरं काय ते लिहिते, सरळ. तेवढं जाऊ दे."

"नाही होत ताई. पानापानाला वेगळं सेटिंग ठेवलं असतं तर दोन्हीकडचे अंदाज्ये एकमेकांशी जुळलेच नसते. ते पिठातलं मीठ आहे, एकाच पोळीत नाही घालता येत. तसं तुम्ही सरळ लिहिलंत, 'ऐकू येत नाही', तर ते वाक्य तसंही जाईल, त्यात नवल भरपूर आहे. पण मागची पानं तशीच राहतील. तिकडं ती बोलणारी मुलगी आहे. साहेबांना वाटेल, बोलत होती आणि काल अचानक..."

"आणि सगळ्या साइटचंच शून्य केलं तर?"

"तर सगळी पानं पहिल्यापासून नव्यानं तयार होतील. दोन्हीकडं. तुम्ही खरं लिहिलेलं तिकडं, त्यांनी खरं लिहिलेलं इकडं. आवाज तेवढाच आहे, म्हणून खूप दिवस लागतील. जुन्यापासून सुरुवात होईल, सावकाश. आणि एकदा केलं की अंदाजाची पानं पुसली जातात ताई. परत नाही येत. तुमच्याकडची पण."

फाइल उघडून ती बसली. मिहिका तिच्या पाठीला टेकून उभी होती, तिच्या वेणीचं टोक चोखत.

शीर्षक : मिहूचं घर
लेखक : आई, बाबा
भाषा : मराठी
नवल : ५

एवढीशी फाइल. तिनं बाबांची पानं शेवटची म्हणून वाचून घेतली. 'तू थकली असशील.' 'तुझ्यासारखी आई मिहूला मिळाली.' असं तिला जन्मात कोणी म्हटलं नव्हतं, आणि कोणी म्हटलेलं नाहीच, हे माहीत असूनही ती वाक्यं सोडवत नव्हती. तिकडे हर्षलकडेही एक शब्द होता. दोन अक्षरांचा, त्याच्या लेकीनं कधीच न उच्चारलेला. तोही तो असाच धरून बसला असेल.

पण दिवाळीला वर आल्यावर तो दारात उभा राहून हाक मारील. मिहू! आणि मिहिका पाठमोरी वाट्या खेळत राहील. त्या क्षणी त्याला आपली लेक परकी वाटेल. ज्या मुलीवर त्यानं वर्षभर जीव लावला ती घरात नसेलच, आणि जी आहे तिची त्याला ओळखही नसेल.

तिनं पाच पुसलं. शून्य लिहिलं. 'साइट पुन्हा तयार करा' दाबलं.

पानं एकेक करून बदलायला लागली. बाबांची लांबलचक पानं तिच्या डोळ्यांदेखत आकसली. 'तुझ्यासारखी आई' गेलं. त्या जागी खालून खरं जे येत होतं ते काही दिवसांच्या अंतरानं, दबकत उमटत गेलं. 'पंप क्रमांक दोन बिघडला. बाकी ठीक.' 'मोहिते घोरतो. बाकी ठीक.' 'झोप नीट नाही, पण तसं ठीक.' पुढे पुढे तर नुसतंच 'ठीक.' झोपेबद्दलचं ते वाक्य वाचून ती उठून स्वयंपाकघरात गेली आणि तशीच परत आली. तोही लपवतच होता. त्याचंही गिळलं गेलं होतं.

तिची पानंही तशीच एकेक करून खाली उतरत होती. आणि यावेळी तिनं शेवटी एक नवं पान जोडलं होतं, अजिबात मऊ न करता. 'मिहिकाला ऐकू येत नाही. ती बोलत नाही. कधीच बोललेली नाही. डाव्या कानाचं ऑपरेशन या महिन्यात आहे. सही मी करते आहे. मला फार भीती वाटते.' बाकी सगळं ठीक हे शब्द बोटं सवयीनं टाइप करून बसली होती. तिनं ते पुसले.

सासूबाई अकोल्याहून आल्या, बरोबर ज्वारीचं पीठ आणि अबोला घेऊन. फाइलचं कळल्यावर त्या एवढंच म्हणाल्या, "केलं न शेवटी मनाचं." मग मिहिकासमोर बसून दिवसभर टाळ्या वाजवत राहिल्या, जणू कोणी नीट वाजवल्याच नव्हत्या आजवर.

ऑपरेशनच्या आदल्या आठवड्यात बाबांचं एक ओळीचं पान आलं.

'बाबा म्हणाली नव्हती?'

पूर्वीचा अंदाज्या असता तर समिधाच्या उत्तराभोवती किती गादी घातली असती. तिनं लिहिलं, 'नाही.'

त्यानंतर काहीच आलं नाही.

ती शांतता पहिल्या दिवशी सहन झाली. पुढे समिधा भाजी चिरता चिरता उठायची, साइट उघडायची, बंद करायची. नवल पाचावर असतं तर आज काहीतरी आलं असतं, जेवलीस का असं कोणीतरी विचारलं असतं. शून्यावर, खालून काही आलं नाही म्हणजे खरोखर काही आलं नाही. कॉलनीत इतर बायका जिथे एकमेकींना पानं वाचून दाखवत तिथून ती मिहिकाचा हात धरून लगबगीनं निघून जायची. फाइल उघडून त्या शून्याशेजारी तिनं एकदा कर्सर नेऊनही ठेवला होता. मिहिकानं कळफलकावर वाटी आपटली म्हणून भान आलं.

ऑपरेशन झालं. तार बसली. यंत्र सुरू व्हायला जखम भरायची होती, आणि सुरू झाल्यावरही मिहिकाला तो आवाज आहे हे शिकायला महिने लागणार होते. डोक्याला पांढरी पट्टी बांधलेली मिहिका घरभर फिरत होती आणि सासूबाई तिच्यामागे "माय माय" करत फिरत होत्या.

त्या दिवसांत कधीतरी, दुपारी, कपडे वाळत घालताना फोन वाजला. नवं पान. इतकं लांब, की ते सगळं उतरायला आवाजाचे किती दिवस लागले असतील कोण जाणे. म्हणजे तो गप्प नव्हता. पाठवत होता, ते यायचं होतं.

'समिधा, पहिले दोन दिवस मला तुझा राग आला. मग माझा. मला लिहिता येत नाही तुला माहीत आहे. पण एक सांगायचंय. इथे हेलियममुळे कोणाला कोणाचं बोलणं कळत नाही. आम्ही सगळे हातांनी बोलतो. सुरुवातीला कामापुरतं, आता सगळंच. भांडतोसुद्धा. मोहिते हातानं इतक्या घाण शिव्या देतो. मला मिहूशी बोलता येईल गं. मी वर येईपर्यंत तू शिकव. एकेक पाठवतो. नीट बघ.

'पाणी : अंगठा ओठाला, करंगळी वर.

'ये : बोटं आपल्याकडे मिटायची, एकदम नाही, एकामागून एक.

'मी इथे आहे : उजवा तळहात छातीवर ठेवायचा, उचलायचा, परत ठेवायचा. आम्ही दिवे गेले की एकमेकांच्या छातीवर ठेवून हे करतो. अंधारात दिसत नाही ना.

'मला पण फार भीती वाटते.'

ओला फ्रॉक दोरीवर तसाच अर्धा टाकून समिधा आत आली. मिहिका वाट्यांपाशी पाठमोरी बसली होती, पट्टी एका बाजूला सरकलेली. समिधानं हाक मारली नाही. वळसा घेऊन ती तिच्यासमोर गेली, फरशीवर बसली, आणि तळहात स्वतःच्या छातीवर ठेवला. उचलला. परत ठेवला.

मिहिकानं हात बघितला. मग तोंड बघितलं, हे खेळणं आहे की काय, ते ठरवायला. समिधानं परत केलं.

मिहिकानं वाटी खाली ठेवली, सरकत जवळ आली, आणि आपला चिकट, भातानं भरलेला पंजा स्वतःच्या छातीवर न ठेवता आईच्या छातीवर ठेवला. उचलला. परत ठेवला.

दारातून सासूबाई म्हणाल्या, "काय म्हनते व ते?"

समिधानं तो पंजा तिथेच धरून ठेवला. मग दुसऱ्या हातानं फोन ओढून घेतला आणि नवं पान उघडलं. काय लिहावं याचा अंदाज तिलाही नव्हता.